बडेबाबूंची मांजरसेना

निवृत्त माणसाने काय करावं, याबद्दल सावली गावात बरेच मतभेद आहेत. कोणी म्हणतं भजनात बसावं, कोणी म्हणतं किराणा दुकान टाकावं, कोणी म्हणतं काहीच करू नये, पेन्शन खावी आणि गप पडून राहावं. पण निवृत्त माणसाने मांजरी पोसू नयेत, आणि त्याही फोनमधल्या तर मुळीच पोसू नयेत, यावर अख्ख्या गल्लीचं एकमत होतं. गुणवंतरावांनी नेमकं तेच केलं.

गुणवंतराव म्हणजे बडेबाबू. आलापल्लीला वनखात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि निवृत्त होऊन सावलीला घर बांधलं तरी 'बडेबाबू' हे नाव सामानाबरोबर आलंच. सगळी हयात त्यांनी कागदावर आधी 'विषय' लिहून मग मजकूर लिहिला. विषय नसलेली गोष्ट बोलायची कशी, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांची अडचण तीच होती, कारण त्यांना लेकीची आठवण यायची आणि त्याला काही विषय नसतो.

दिव्यानी एकुलती एक, पुण्याला कंपनीत. फोन रोज व्हायचा.

"जेवली का?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"आई?"

"ते बी जेवली."

"बरं मग, ठेवू?"

त्यांची बायको सुगंधाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून येईपर्यंत फोन संपलेला असायचा. गुणवंतरावांना सांगायचं पुष्कळ असे. मागच्या अंगणातला पेरू यंदा लदलदला आहे, दुपारी तिच्या खोलीत वारा चांगला येतो म्हणून आपण तिथेच लोळतो, म्हणजे वारा इतर खोल्यांतही येतो पण तिथे जरा बरं वाटतं. हे सगळं घशापर्यंत यायचं आणि तोंडातून 'जेवली का' एवढंच बाहेर पडायचं.

एका रविवारी त्यांनी चुकून भलत्याच वेळी, म्हणजे दुपारी चारला, फोन केला. "बाबा, आत्ता नको ना, मॅच सुरू आहे," दिव्यानी घाईघाईने म्हणाली, "आमच्यात एक जण कमी आहे, नुसती धांदल उडाली आहे." आणि फोन ठेवायचा विसरून ती तिकडे बोलत राहिली. भडाभडा बोलत होती, ओरडत होती, खो खो हसत होती. ही हसणारी पोर गुणवंतरावांनी कैक महिन्यांत ऐकली नव्हती. फोन कटल्यावरही त्यांनी तो बराच वेळ कानालाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळलं की तो मांजरांच्या लढाईचा गेम आहे. पाच जणांचा एक चमू, प्रत्येकाकडे पाच मांजरींची फौज, आणि दर रविवारी चार ते पाच सगळे एकमेकांशी बोलत लढतात. पाचव्याचं लग्न ठरलं, तो गळाला. म्हणजे लेकीचा आवाज आठवड्यातून अख्खा एक तास, आणि तिथे जागा रिकामी! नोकरीत गुणवंतराव एक गोष्ट पक्की शिकले होते. पद रिक्त झालं की कोणाचा तरी भाचा घुसायच्या आत अर्ज टाकावा.

गेम फोनात उतरवला. तिथे पहिलीच पायरी मोडकी निघाली. जन्मसाल विचारलं होतं, आणि साल निवडायला बोटाने खाली खाली सरकत जायचं होतं. गुणवंतराव सरकत सरकत थोडं मागे गेले, मग अंगठा दुखला, मग वाटलं एवढं कोण बघतंय. सरकारी खात्यात कोणी बघत नाही, पण गेममध्ये बघतात. गेमने त्यांना नऊ वर्षांचं धरलं आणि सांगितलं की पालकांची परवानगी घेऊन या.

गुणवंतरावांचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. 'विषय : अर्जदार हा अज्ञान नसून सज्ञान असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...' सोबत पेन्शनच्या कागदाचा फोटो जोडला. तासाभरात उत्तर आलं. 'आम्ही तुमच्या भावना समजू शकतो. खेळत राहा! कृपया आता फोन आईकडे किंवा बाबांकडे द्या.' आई-बाबा दोघेही केव्हाच वर गेले होते, त्यामुळे फोन त्यांच्याकडे देणं शक्य नव्हतं. शेवटी पालकाच्या रकान्यात त्यांनी तोंडपाठ असलेला एकमेव ईमेल घातला, तो दिव्यानीचा.

संध्याकाळी फोन तिचाच आला. आधी नुसतं हसणंच ऐकू येत होतं.

"बाबा, मला मेल आलाय. तुमचा पाल्य गुणवंत मांजरांचा गेम खेळू इच्छितो, परवानगी आहे का म्हणून!"

"मंग? देशीन का नाई?"

ती पुन्हा हसत सुटली. सुगंधाबाई हात पुसत आल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा फोन चालू असताना पोहोचल्या. त्यांनाही बोलायला मिळालं. फोन ठेवल्यावर दोघं बराच वेळ ओसरीवर बसून राहिली, आणि भाजी करपल्याचं कोणाच्याच नाकाला कळलं नाही.

दिव्यानीने परवानगी दिली खरी, पण अट घातली. "एकदम चमूत नाही घेणार. बाकीचे चिडतील. पाच मांजरींची समतोल टीम बांधा. पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी चाचणी. जमलं तर तुम्ही पाचवे."

"त्या दिवशी तं आपल्या इथी मंडई आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि थोडी थांबली. गुणवंतरावांना वाटलं, रेंज गेली.

दिवाळी झाली, धान कापून झाला की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, शिंगाड्यांचे ढीग, दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. पाहुणे असे आपणहून येत नाहीत. आधी दारोदार जाऊन आवतन द्यावं लागतं, म्हणजे तोंडाने 'या' म्हणावं लागतं. त्या पंधरवड्यात गुणवंतराव सकाळी आवतन देत फिरत आणि दुपारी मांजरी चारत.

टीम बांधायला त्यांनी जी पहिली पद्धत लावली ती कचेरीची होती. गेममध्ये मासोळ्या मिळतात, त्या चारल्या की मांजर वाढतं. पहिल्या दिवशी एक पांढरी, किडमिडी मांजर मिळाली होती. ती सगळ्यांत आधी रुजू झाली, म्हणून तीच मुख्य. पाठोपाठ आलेल्यांना त्या क्रमाने मासोळ्या. डोक्यावर लोखंडी गंज, म्हणजे पातेलं, घातलेली एक दांडगी मांजर सगळ्यांच्या पुढे उभी राहून मार खायलाच बनवलेली होती, पण ती आठवडा उलटल्यावर आली, म्हणून बडेबाबूंनी तिला सगळ्यांत मागे उभं केलं. सेवाज्येष्ठता डावलली तर उद्या बाकीच्या कोर्टात जातील, अशी त्यांची भीती. पांढरी मैदानात जायची, शत्रूच्या उंदराने नुसतं फुंकर मारल्यासारखं केलं की आडवी व्हायची. तिच्या मागे बाकीच्या ज्येष्ठतेच्या क्रमाने आडव्या होत.

समोरच्या घरातला अंकुश झाडीपट्टीच्या नाटकांची कंपनी चालवतो. त्याने एकदा डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बडेबाबू, टीम म्हणजे कंपनी वो. नायक पाह्यजे, नायिका पाह्यजे, खलनायक पाह्यजे, एक विनोदी, एक नाचणारी. येवढं जमलं का प्रयोग हाऊसफुल्ल."

गुणवंतरावांना ते पटलं, कारण अंकुशचे प्रयोग खरंच हाऊसफुल्ल जातात. त्यांनी फौज बदलली. काळा, एका डोळ्यावर पट्टी असलेला बोका खलनायक म्हणून घेतला. घुंगरं घातलेली एक मांजर होती, ती घेतली. लढाई सुरू झाली. नाचणारी नाचली. विनोदी मांजर कोलांट्या मारत शत्रूच्या गोटात गेलं आणि तिकडचंच झालं. खलनायक शेवटपर्यंत कडेला उभा राहून मिशा पिळत होता, कारण त्याची एंट्री तिसऱ्या अंकात असावी असं काहीतरी. अंकुश म्हणाला, "पात्रं बराबर आहेत, दिग्दर्शन कमी पडून राह्यलं." हे गुणवंतरावांना चांगलंच लागलं. दोन दिवस त्यांनी अंकुशच्या घरावरून आवतन देत जाताना मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

हे सगळं ते दिव्यानीला फोनवर सांगत. सांगायला आता विषय होता! ती ऐकून हसे, सल्ले देई, 'काय गंजवाली मागे? बाबा, अहो!' म्हणून ओरडे. फोन लांबत चालले होते. लढाया हरत होत्या त्याचं गुणवंतरावांना मनातून विशेष वाईट वाटत नव्हतं.

मग एका दुपारी गेममधली पेटी उघडली आणि आतून निघाला पट्टेदार वाघ. दिव्यानी फोनवर किंचाळलीच. "बाबा, याच्यासाठी लोक वर्षभर थांबतात! हा समोर ठेवा, दुसरं काही बघायलाच नको."

ठेवलाही असता. पण शेजारच्या नीलाबाई पेरू मागायला आल्या आणि त्यांनी पाहिलं. नीलाबाईंचं शेत जंगलाला लागून. त्या वाघाला देव मानतात, त्याचं नाव घेत नाहीत.

"बडेबाबू! देवाले फोनात लढवून राह्यले तुमी? आन मासोळी चारता त्याले, बोक्यासारखी?"

गुणवंतराव काही बोलायच्या आत त्या घरात गेल्या, सुगंधाबाईंच्या देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं आणि फोनवरच्या वाघोबाला भक्तिभावाने चोळलं. कुंकू फोनच्या भोकाभोकांत गेलं. त्यानंतर दिव्यानीचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येऊ लागला. फोन दुरुस्तीवाल्याने काडीने कुंकू उकरत विचारलं, "बडेबाबू, फोनची वास्तुशांती केली का वो?" माणूस शिकलेला असला आणि वनखात्यात आयुष्य घालवलेलं असलं, तरी सावलीत राहून काही गोष्टींची परीक्षा घेत नाही. गुणवंतरावांनी वाघोबाला हात जोडले आणि टीमच्या बाहेर काढलं.

"का काढला, बाबा?" दिव्यानीने विचारलं.

"गावाबाहेरच बरा तो."

पुण्यात राहत असली तरी पोर सावलीची. तिने वाघाचं नाव पुन्हा काढलं नाही.

अखेर मार्ग काढला सुगंधाबाईंनी. त्या ओसरीवर तांदूळ निवडत हे सगळं रोज पाहत होत्या. "अवो, लग्नात का सगळ्याच बाया वाढाले उठतात? एक रांधते, एक वाढते, एक लेकरं सांभाळते. आन एक दारात उभी राहून पाव्हण्यायची बोलणी खाते. ते दारातली नसन तं आतमधी कोनालेच काई सुदरत नाई." गंजवाली दारात आली. पट्ट्या बांधणारी एक डॉक्टरीण मांजर होती, ती मागे गेली. अधेमधे दोन वाढणाऱ्या नेमल्या. पहिल्यांदाच लढाई थोडा वेळ टिकली.

राहिली पाचवी. दुरून मारा करणारी एक लागतेच, त्याशिवाय टीम पुरी होत नाही. आणि ती गुणवंतरावांकडे होती.

ती राखाडी, बारकी, एक कान मुडपलेली, हातात गलोल. पेटीतून निघाली तेव्हा तिने एकदा मागे वळून पाहिलं होतं. गेममध्ये मांजरींना नाव देता येतं. बाकीच्यांना त्यांनी दिलं नव्हतं, हिला दिलं. दिव्यानी. उरलेल्या सगळ्या मासोळ्या हिच्या वाट्याला. चारून चारून त्यांनी तिला वाढेल तेवढी वाढवली, पण लढायला एकदाही पाठवलं नाही. लढायला गेलेल्या मांजरींची गेममधल्या घरातली चटई तेवढा वेळ रिकामी दिसते. राखाडीची चटई रिकामी पाहायला त्यांचं बोट धजत नसे. दुपारी लेकीच्या खोलीत लोळताना ते फोन उघडून ती झोपलेली पाहत. सुगंधाबाईंनी तिचं नाव वाचलं होतं. त्या फक्त संध्याकाळी विचारत, "तिनं खाल्लं का?"

"खाल्लं."

पाचव्या जागेवर पांढरीच जात राहिली.

मंडईचा रविवार उजाडला. घर गच्च भरलं. आलापल्लीहून जुना वनरक्षक चैतू बायकोला, मंगलीला, घेऊन आला, नीलाबाई आल्या, अंकुश रात्रीच्या प्रयोगाची गडबड सोडून जेवायला आला. चार वाजले तसे गुणवंतराव ओसरीवरच्या लाकडी तक्तपोसावर मांडी घालून बसले आणि सगळे पाहुणे त्यांच्याभोवती.

"नमस्ते अंकल," फोनमधून तीन आवाज आले. मग चौथा आला, "बाबा, तयार?" आणि त्या आवाजाने सुगंधाबाई कढई उतरवून दारापर्यंत आल्या.

लढाई रंगली. गंजवाली खंबीर उभी राहिली. चैतू म्हणाला, "वा गा, ते हटत नाई!" डॉक्टरीण पळत होती, अंकुश दिग्दर्शन करत होता, नीलाबाई डोळे मिटून कोणाला तरी नवस बोलत होत्या. दिव्यानी तिकडून हुकूम सोडत होती आणि गुणवंतराव 'हो, हो' म्हणत तिचा प्रत्येक शब्द कानात साठवत होते. आणि मग शत्रूकडून एक उंदीर तोफ घेऊन आला. तो लांबच उभा राहिला. तिथून तो मारायचा, आणि इकडून कोणी त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

"बाबा, दूरमार पाठवा!"

"नाई आहे."

"आहे ना, मला दिसते आहे तुमच्या घरात. पूर्ण वाढलेली आहे. तिचं..." दिव्यानी थांबली. तिने नाव वाचलं होतं. फोनमध्ये तोफेचा आवाज तेवढा येत राहिला. "बाबा, एवढी मोठी केली आणि एकदाही पाठवली नाही हिला?"

अख्खी मंडई ओसरीवर कान देऊन बसली होती. बडेबाबूंना एरवी अशा वेळी लाज वाटली असती.

"ते गेली का घर खाली होते, वं," ते म्हणाले.

गंजवाली एका गुडघ्यावर आली. "बाबा," दिव्यानी हळू म्हणाली, "पाठवा. ती त्यासाठीच मोठी झाली आहे."

गुणवंतरावांनी बोट टेकवलं. राखाडी उठली, गलोल घेऊन मैदानात गेली. एक खडा, दुसरा खडा, आणि तोफेवाला उंदीर उलटा पडला. ओसरीवर असा गलका झाला की रस्त्यावरचा शिंगाडेवाला आत पाहायला आला. लढाई जिंकली होती. सगळ्या मांजरी आपापल्या चटईवर परतल्या आणि अंग चाटू लागल्या.

"पाहा, आली ना परत?" दिव्यानी म्हणाली.

"आली." गुणवंतराव म्हणाले. आणि मग विषय न लिहिता, उपरोक्त न म्हणता, त्यांच्या तोंडून सरळ मजकूरच बाहेर पडला. "तू काऊन येत नाई वं? दोन मंडया झाल्या."

"आम्ही निघतो, अंकल," म्हणून तिन्ही आवाज एकेक करून गेले.

"तुमी बलावलं कधी?" दिव्यानी म्हणाली. पुण्याचं बोलणं तिच्या तोंडातून पार गेलं होतं.

"घरच्या माणसाले का आवतन द्या लागते? तुले काम राह्यते, सुट्टी मागा लागते. मी म्हणलं काऊन पोरीले..."

"अख्ख्या गल्लीले देता, बाबा. चैतूकाकाले आलापल्लीले देता. मी दोन सालं वाट पाह्यली, कोनी म्हणन का मंडई आहे, ये. मले कोनी म्हणलंच नाई. मले वाटलं, तुमचं जमून गेलं माह्याबिगर."

पंधरा दिवस गुणवंतराव दारोदार हिंडले होते, नीलाबाईंना 'या' म्हणाले, ज्याच्यावर रुसले त्या अंकुशलाही म्हणाले. एका दारावर गेले नव्हते, कारण ते दार आपलंच आहे असं त्यांना वाटत होतं.

ते तक्तपोसावरून उठले. आवतन बसून देत नाहीत. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर ठेवली, फोन दोन्ही हातांत धरला आणि घसा साफ केला.

"दिव्यानीबाई," ते म्हणाले, "आमच्या इथी मंडई आहे." पुढचं येईना. चैतूने मान खाली घातली. "आज तं ते होऊन राह्यली. सरली तरी ये. उद्या ये, परवा ये, जमन तवा ये. पेरू आहेत झाडाले. जेवाले ये."

दारात उभ्या सुगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अजून एकदा म्हणा, बाबा."

गुणवंतरावांनी अजून एकदा म्हटलं.